लघवीला कुलूप

"लग्न झालंय?"

"नाही."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या कंपाउंडरकडे.

"मग हे कुठून आणलंस?"

कंपाउंडर हसला. आवाज न करता, नुसते खांदे हलवून. डॉक्टरच्या टेबलापुढचा पडदा अर्ध्यापर्यंतच ओढलेला होता. पलीकडच्या बाकावर सातआठ माणसं बसली होती. सगळी वालीवच्या कारखान्यांच्या गाळ्यांमधली. कुणाच्या बोटाला पट्टी, कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस. त्यांतला माझ्या वडिलांच्या वयाचा एकजण मान वाकडी करून आत बघत होता.

मी काही आणलं नव्हतं. मला लघवीला जळजळ होत होती, एवढंच. जाऊन आले की पाच मिनिटांत परत जावंसं वाटायचं. गेले की थेंब. आणि त्या थेंबासाठी दात आवळून भिंत धरायची.

हे मी सांगितलं नाही. "खाली त्रास होतोय" इतकंच म्हणाले होते. आम्हा बायकांना एवढंच बोलता यायचं.

"हे लग्न झालेल्या बायकांचं दुखणं आहे," डॉक्टर बाकावरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "जपून राहायचं. आईबाप काय म्हणतील?"

त्याने कमरेत इंजेक्शन दिलं. दोन दिवसांच्या गोळ्या कागदात बांधून दिल्या. लघवी तपासायला सांगितली नाही. ताप आहे का विचारलं नाही. पाणी किती पितेस, हेही विचारलं नाही. त्याला जे विचारायचं होतं ते त्याने विचारून घेतलं होतं.

बाकासमोरून चालत बाहेर आले. मला विसावं वर्ष लागलं होतं. आचोळ्याला घरी जाणाऱ्या रिक्षात मी एकच गोष्ट आठवत राहिले. मी काय केलं? मी कधी काही केलं होतं का? कुणाच्या शेजारी बसले होते? कुणाचा रुमाल वापरला होता? काही सापडेना. तरी लाज गेली नाही. लाजेला कारण लागत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

त्या डॉक्टरकडे मला आमच्या गाळ्याच्या सुपरवायझरने चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. आमच्याकडच्या कामगारांना तिथेच पाठवायची पद्धत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागेवर बसतेय तोवर सुपरवायझर टेबलामागून म्हणाला, "काय मॅडम, बरं वाटतं का? डॉक्टर भेटले होते मला. जपून राहा म्हणाले ना?"

प्रेस मशीनवरचे दोघे तिघे पुरुष हसले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

आता गाळ्याबद्दल सांगते. त्याशिवाय माझा आजार समजणार नाही.

आम्ही विजेचे स्विच जोडायचो. लांब टेबल, एका बाजूला अकरा बायका. पहिली प्लास्टिकचा सांगाडा घ्यायची, दुसरी त्यात पितळी पट्टी बसवायची, तिसरी स्क्रू. असं हातातून हातात पुढे जायचं. मी सहावी. मी स्प्रिंग बसवायची. नखाएवढी स्प्रिंग, चिमट्याने दाबून खाचेत सोडायची. माझ्यानंतर मंगलामावशी. ती वरचं बटण ठोकायची. स्प्रिंगशिवाय बटण बसत नाही.

पुरुषांची मुतारी गाळ्यामागे होती. तिला दारच नव्हतं. बायकांच्या संडासाला मात्र दार होतं आणि दाराला कुलूप. "बायका आत जाऊन गप्पा मारतात," हे कारण. चावी सुपरवायझरच्या टेबलावर. कुणी खिशात घालून विसरू नये म्हणून ती एका जुन्या लाकडी स्विचबोर्डाला बांधलेली. बोर्ड हातभर लांब. चावी हवी तर उठायचं, टेबलाजवळ जायचं, "साहेब, चावी" म्हणायचं, तो मान वर करेपर्यंत उभं राहायचं. मग तो बोर्ड छातीशी धरून सगळ्या मशीनांसमोरून चालत जायचं. पुरुष ओरडायचे, "बोर्ड निघाला रे!" एकजण रोज विचारायचा, "काय गं, लाइट गेली का?"

पाळीत तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घडी केलेलं कापड बोर्डामागे लपवायचं. कापडापेक्षा बोर्ड मोठा, तेवढाच त्याचा उपयोग.

दिवसातून दोनदा गेलं तर सुपरवायझर काही बोलायचा नाही. तिसऱ्यांदा गेलं की म्हणायचा, "परत? आत नळ बसवलाय का?"

मी कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मंगलामावशीने मला शिकवलं. ती जवळच्या भातशेतीच्या गावातली. पन्नाशीची. तिच्या शेतातून रस्ता गेला, उरलं ते गाळ्यांनी घेतलं.

"पानी पिऊ नको, पोरी," ती म्हणाली. "सकाली घरून निघताना जाऊन याचं. दुपारी एकदा. मंग घरी. सवय होते."

"आणि तहान लागली तर?"

"घसा वल्ला करायचा. गिलायचं नाय."

ती हे प्रेमाने सांगत होती. चिमटा कसा धरायचा हे ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात. अकराही जणी असंच करायच्या. टेबलाखाली पाण्याची एक बाटली असायची, अकरा जणींत एक. संध्याकाळी ती अर्धी भरलेली असायची. वर पत्रा. एप्रिल, मे महिन्यात सोल्डरिंगचा धूर आणि आम्ही घसा ओला करणाऱ्या.

मीही शिकले. पोटाखाली दाब आला की गुडघे जवळ घ्यायचे. मोजत राहायचं. अजून पन्नास स्प्रिंगा, मग उठू. पन्नास झाल्या की अजून पन्नास. थोड्या वेळाने दाब जातो. मला वाटायचं, जिंकले. दीड वर्ष मी अशी रोज जिंकत होते.

त्या दोन दिवसांच्या गोळ्यांनी बरं वाटलं. जळजळ थांबली. मी देवाला हात जोडले आणि विषय संपवला. दहाव्या दिवशी परत सुरू झालं. या वेळी लघवी गढूळ, वास येणारी.

आईला सांगितलं. "उन्हाळी लागलीय," ती लगेच म्हणाली. "अंगात उष्णता आहे तुझ्या." तिने धने-जिरे भिजत घातले, सब्जा फुगवला, बेंबीवर ओलं फडकं ठेवलं. वर्षानुवर्षं आमच्या कोकणातल्या घरी हेच करत आले होते. वाईट नव्हतं ते. पण तिचं धन्याचं पाणी मी सकाळी कामावर जाताना मोरीत ओतून द्यायचे. प्यायले असते तर नऊ वाजता चावी मागावी लागली असती. आईला हे माहीत नव्हतं. ती रोज रात्री नेमाने भिजत घालायची.

आमच्या इमारतीत पाणी टँकरने यायचं, तेही दिवसाआड. म्हणजे घरी पिण्याचं जपून, संडासात टाकायचं जपून. आणि कामावर घसा ओला.

मग एक दिवस कामावरच थंडी भरली. मे महिन्यात. दात वाजायला लागले. पाठीत उजव्या बाजूला, बरगडीखाली, कुणी आतून मूठ दाबतंय असं दुखायला लागलं. स्प्रिंग खाचेत जाईना. मंगलामावशीने माझ्या हाताला हात लावला आणि झटकन काढला.

"भट्टी झालीय गो तुजी. घरी जा."

घरी आई म्हणाली, डॉक्टरकडे जायलाच हवं. मी म्हणाले, त्या डॉक्टरकडे मी जाणार नाही. मग काय झालं होतं ते तिला सांगितलं. पहिल्यांदाच. मला वाटलं ती त्याला शिव्या देईल. ती घाबरली.

"हे अजून कुणाला सांगितलंस?"

आजार राहिला बाजूला. माझी आई शेजारच्या दारांचा विचार करत होती. इमारतीतल्या एका बाईने सांगितलं होतं की एव्हरशाईन सिटीत एक लेडी डॉक्टर आहे, चांगली आहे. पण तिच्या पाटीवर 'प्रसूतिगृह' लिहिलेलं. लग्न न झालेली पोरगी प्रसूतिगृहाच्या पायऱ्या चढताना कुणी पाहिली तर? आमच्याकडे स्थळं यायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने कपाटातून तिच्या बहिणीचं जुनं मंगळसूत्र काढलं. माझ्या गळ्यात घातलं. हिरव्या बांगड्या घातल्या. एकशे दोन ताप होता मला. आरशात मी एक बाई पाहिली, जिचं लग्न माझ्या आजारपणाशी लावलं होतं.

"तू काही बोलू नकोस," आई म्हणाली. "मी सांगते सगळं."

वडील खुर्चीत बसून बघत होते. माझे वडील मुंबईत एका कंपनीत होते. कंपनी बंद पडेपर्यंत युनियनचं काम करत होते. अन्याय सहन करू नका, हे मी त्यांच्याकडून बाराखडीबरोबर शिकले. तरी त्या दिवशी त्यांनी मंगळसूत्राकडे नुसतं पाहिलं. पेपर उघडला.

लेडी डॉक्टरचा दवाखाना गर्दीने भरलेला. पोटुशा बायका, त्यांच्या सासवा. माझ्या शेजारी बसलेलीने विचारलं, "कितवा?" मी म्हणाले, "ताप." ती सरकून बसली.

आमचा नंबर आला. डॉक्टर पंचेचाळिशीची, कपाळावर चष्मा, आवाज कडक. वर न बघता लिहीत होती.

"लग्न कधी झालं?"

"दीड वर्ष झालं," आई म्हणाली.

"मूल?"

"नाही अजून."

"पाळी चुकलीय?"

"नाही नाही, वेळेवर आहे," आई.

"हिला बोलू द्या की हो. मिस्टरांना काही त्रास? खाज, जळजळ?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मिस्टरांचं उत्तर तिने ठरवलेलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. माझ्या नसलेल्या नवऱ्याच्या तब्येतीची तिने खात्री दिली.

डॉक्टरने हातमोजे ओढले. "वर झोप. सलवार काढ. आतून तपासावं लागेल."

मी टेबलाजवळ गेले. पायरीवर पाय ठेवला. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला कळलं होतं आता काय होणार. लाज वाचवायला ती मला त्या टेबलावर चढू देत होती.

पहिल्या डॉक्टरने लग्न झालं नाही म्हणून मला आजारी होऊ दिलं नाही. आता आजारी व्हायला मला लग्न झाल्याचं खोटं बोलायचं होतं. आणि त्या खोट्यासाठी अंग उघडं करायचं होतं. पायरीवर एक पाय ठेवून मी हा विचार केला असं म्हणणार नाही. तेव्हा फक्त एक गोष्ट सरळ दिसली. यात मी कुठेच नव्हते. दुखत होतं मला, आणि मीच कुठे नव्हते.

पाय खाली घेतला. मंगळसूत्र डोक्यावरून काढलं. केसात अडकलं, ओढून काढलं. डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं.

"माझं लग्न झालेलं नाही. कुणाशी संबंध नाही. मला लघवीला जळजळ होते. दीड महिना झाला. एका डॉक्टरने दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या, थांबलं, परत सुरू झालं. आता थंडी वाजून ताप येतोय आणि इथे पाठीत दुखतंय."

लघवी. हा शब्द मी परक्या माणसासमोर पहिल्यांदा उच्चारला. छत कोसळलं नाही.

डॉक्टरने हातमोजे काढले. माझ्यावर नाही, आईवर कडाडली. "खोटं सांगून औषध न्यायला आलात? मी चुकीचं काहीतरी केलं असतं तर?" आई रडायला लागली. डॉक्टर थांबली नाही. "आधी रडू नका. आधी ऐका."

मग तिने माझ्या पाठीवर दुखऱ्या जागी हाताच्या कडेने हलकं मारलं. मी कळवळले. तिने मान हलवली. आणि कागदावर पेनने चित्र काढलं. दोन मूत्रपिंडं, खाली पिशवी, खाली नळी.

"बाईची ही नळी आखूड असते. जंतू बाहेरून चटकन पिशवीत जातात. लग्न असो नसो. लहान मुलीला होतं, म्हातारीला होतं. पाणी भरपूर प्यायलं, वेळेवर लघवी केली, तर बरेचसे धुऊन निघतात. तू किती वेळ थांबवतेस?"

"सकाळपासून दुपारपर्यंत. मग संध्याकाळपर्यंत."

"का?"

मी चावीचं सांगितलं. बोर्डाचं सांगितलं. तिने चित्रातल्या पिशवीवर पेन टेकवलं.

"पिशवीतले जंतू वर चढलेत. मूत्रपिंडाला सूज आहे. आज तपासायला लघवी दे, कशाने मरतात ते रिपोर्टमध्ये कळेल. तोवर हे औषध. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. मागच्या वेळी तेच झालं. दोन दिवसांत मेल्यासारखे झाले, मेले नव्हते. उलट्या झाल्या किंवा ताप उतरला नाही तर लगेच ये, दाखल करीन."

मी म्हणाले, "कंपनीसाठी लिहून द्याल? संडासाला कुलूप असल्यामुळे झालं म्हणून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "आजाराचं लिहून देते. विश्रांतीचं लिहून देते. कुलपाचं मी कसं लिहू? मी कुलूप पाहिलेलं नाही."

चांगली डॉक्टर होती. तिनेही कुलपाचं लिहिलं नाही.

रिक्षात आई बराच वेळ बाहेर बघत होती. आचोळ्याचा रस्ता आला तेव्हा हळूच म्हणाली, "त्या गोळ्या मला चालतील का गं?"

"तुला कशाला?"

ती म्हणाली, "मला असंच होतं. जळजळ. अधूनमधून."

"कधीपासून?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून."

मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. इतकी वर्षं ही बाई धने भिजवत होती आणि कुठल्याशा भिंतीला धरून दात आवळत होती. रिक्षावाल्याने ऐकलं असेल या भीतीने तिने पदर तोंडाशी धरला. सुपरवायझरचा मला आला नव्हता एवढा राग त्या पदराचा आला. मी तिचा हात खाली ओढला. "माझ्या गोळ्या नाही. उद्या तू चल. तुझं नाव घालून, तुझी लघवी तपासून." ती गेली. मंगळसूत्र तिचं स्वतःचंच होतं, तिला काही काढावं लागलं नाही. तरी ती डॉक्टरसमोर "खाली त्रास" असंच म्हणाली. शब्द मी सांगितला.

दहा दिवस मी घरी होते. ताप उतरला. वडिलांच्या दिवाणाखाली युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे होते. मी ते सगळे काढून वाचले. आठ तास. बोनस. कायम करा. कॅन्टीन. गणवेश. एकाही पत्रकात मुतारी हा शब्द नव्हता. बायकांचे मोर्चे निघाले होते, त्यांच्या पत्रकांतही नव्हता.

वडिलांना विचारलं. ते चिडले नाहीत, ओशाळले. "असल्या गोष्टी पत्रकात लिहितात का, बाळा?"

"का नाही?"

"लोक हसतात."

"लोक हसतातच आहेत, बाबा. मी रोज त्यांच्यासमोरून बोर्ड घेऊन जाते."

त्यांनी विचारलं, "बोर्ड कसला?" दीड वर्षात त्यांना हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

अकराव्या दिवशी कामावर गेले. निघताना दोन तांबे पाणी प्यायले. आईने बघितलं. तिने तिसरा भरून दिला.

पावणेदहाला दाब आला. गुडघे जवळ घेतले नाहीत. उठले. टेबलाजवळ गेले.

"आल्या आल्या?" सुपरवायझर.

"लघवीला जायचंय."

मशीनचा आवाज होता, तरी शब्द पोचला. त्याने आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल की. बाईमाणूस आहेस ना?"

"लघवीला जायचंय. दीड वर्ष धरून ठेवली म्हणून मूत्रपिंडाला सूज आली. हा डॉक्टरचा कागद. चावी द्या."

"मग घरी बसायचं ना. आजारी माणसं आम्हाला कशाला?" त्याने चावी, बोर्डासकट, ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावला. "दुपारी बघू."

मी जागेवर गेले नाही. तिथेच उभी राहिले.

एक वेडी भीती होती, इथेच सलवार भिजेल. भिजली तर भिजू दे, असं मी स्वतःला सांगितलं. ती त्याच्या टेबलासमोर भिजेल. जमीन त्याने पुसावी.

प्रेसवरचा तो माणूस ओरडला, "काय गं, लाइट गेली का?" मी वळून त्याच्याकडे बघितलं. "नाही. लघवी आलीय. तुला येते ना? तुला चावी लागते?" तो परत ओरडला नाही.

मागे टेबलावर काय होत होतं ते मला आवाजावरून कळत होतं. मंगलामावशीची हातोडी थांबली होती. स्प्रिंगशिवाय बटण बसत नाही. तिच्यापुढची थांबली, तिच्यापुढची थांबली. पहिल्या पाच जणींचा माल माझ्या रिकाम्या जागेवर साचत गेला. संध्याकाळी टेम्पो यायचा होता. हे मी ठरवून केलं नव्हतं. इतके दिवस त्या जागेवर बसून मला हे दिसलं नव्हतं की मी उठले तर सगळं थांबतं.

सुपरवायझर मंगलामावशीला म्हणाला, "स्प्रिंग तू घाल."

"माजी नजर नाय पोचत त्या खाचेत," मंगलामावशी म्हणाली. खरं होतं की खोटं, मला आजही माहीत नाही. ती उठली नाही. बाकीच्याही कुणी उठल्या नाहीत. कुणी माझ्या बाजूने बोललं नाही. फक्त कुणी स्प्रिंग घातली नाही.

त्याने ड्रॉवर उघडला. चावी टेबलावर आपटली.

"ही शेवटची वेळ."

मी बोर्डाची दोरी सोडवली. गाठ घट्ट होती, नखांनी सोडवली. बोर्ड त्याच्या टेबलावर ठेवला. नुसती चावी घेतली.

"नाही," मी म्हणाले. "रोज."

पुढे चार महिने मी तिथे होते. रोज उठले. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघी उठायला लागल्या, बाकीच्या नाही. मग मालाला उठाव नाही म्हणून मला काढलं. माझ्या जागी आलेल्या मुलीला मंगलामावशीने काय शिकवलं, मला माहीत नाही. कुलूप तिथेच असावं.

आता दुसऱ्या गाळ्यात आहे, तोही वालीवलाच. नवीन जागी गेले की पहिल्या दिवशी मी एकच विचारते, मोठ्याने, सगळ्यांसमोर: बायकांचा संडास कुठे आहे? पुरुष खाली बघतात. बायकाही खाली बघतात. मालक म्हणतो, आधी काम तर बघ.

मी सांगते, दाराला कुलूप असेल तर आधी कुलूप निघेल. मग मी कामाला बसेन.